बायकोची फेरनियुक्ती

आपल्याकडे सरकारी वकील निवडून येत नाही, नेमला जातो. कागदावर हे बरोबर आहे. पण मुदत संपत आली की जे काही सुरू होतं त्याला निवडणूक म्हणायला माझी तरी हरकत नाही. फक्त त्यात मतदान नसतं. बाकी सगळं असतं. भेटीगाठी असतात, शिफारशी असतात, कोण कुणाचा पाहुणा याची चौकशी असते, आणि टपरीवर चहा ढवळत 'यंदा मॅडमचं अवघड दिसतंय' असं सांगणारे लोकही असतात.

मॅडम म्हणजे माझी बायको. ती सत्र न्यायालयात अतिरिक्त सरकारी वकील आहे. मी संगमनेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. कायद्यातलं मला कळत नाही, पण इतकी वर्षं संसार केल्यावर जेवता जेवता जेवढा कायदा कानावर पडतो तेवढा पडलेला आहे. तिची मुदत त्या वर्षी संपत होती आणि तिला ती पुन्हा मिळायला हवी होती. याचं कारण एक खटला. तो सांगतोच, पण आधी त्या सल्लागारांचं सांगू द्या, कारण त्यांनी माझं डोकं पार फिरवलं होतं.

दूधवाल्यापासून आमच्या प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, साहेबांना भेटा. साहेब म्हणजे आमच्या भागातले एक वजनदार पुढारी. त्यांचा शब्द मुंबईत चालतो असं सगळे सांगत. मी विचारायचो की अर्ज कलेक्टर कचेरीत द्यायचा, मुलाखत अधिकाऱ्यांनी घ्यायची, मग साहेबांचा यात संबंध काय? यावर समोरचा माझ्याकडे असा बघायचा की आपण याच्या हाती पोरं शिकायला दिली आहेत याची त्याला काळजी वाटावी. एक तर म्हणाला, 'सर, तुम्ही केमिस्ट्रीचे ना? मग कॅटलिस्ट म्हणजे काय ते आम्ही सांगायचं का?' त्याच्या या विनोदावर त्याच्यासोबतचे लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

अर्जासोबत परिचय जोडायचा होता. मी मोठ्या हौसेने लिहायला घेतला. 'ग्रामीण भागातील सामान्य कुटुंबातून पुढे आलेल्या, कर्तव्यदक्ष, अभ्यासू' वगैरे. बायकोने तो वाचला आणि विशेषणं एकेक करून खोडली. शेवटी उरलं ते इतकंच की माहेर कोल्हार, वडिलांची पिठाची गिरणी, शिक्षण नगरला, एसटीने जाऊन येऊन. मी म्हटलं, एवढ्यावर शिपायाची नोकरीसुद्धा मिळणार नाही. ती म्हणाली, मग खोटं लिहू का? मी म्हटलं, खोटं नाही, पण थोडं सजवून. ती म्हणाली, सजवलेलं काय असतं ते मी रोज आरोपीच्या वकिलाकडून ऐकते. अशा माणसाशी बोलून काय उपयोग? मी पेन ठेवलं आणि भाजी आणायला गेलो.

पण गिरणीचं तिने जे ठेवलं त्याला कारण होतं. रस्त्यालगतची ती गिरणी म्हणजे कोल्हारच्या बायकांची बसायची जागा. दळण होईपर्यंत बायका थांबायच्या आणि गिरणीच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मनातलं बोलायच्या. गल्ल्यावर बसलेल्या या पोरीला मात्र सगळं ऐकू यायचं. कुणाला मारहाण होते, कुणाला माहेरून काय आणायला सांगितलंय. वकील झाल्यावर तिला कळलं की त्याच बायका कोर्टात आल्या की गप्प होतात. त्या का गप्प होतात हाच तिच्या कामाचा मुख्य विषय झाला. कायद्याची पुस्तकं सगळ्यांकडे असतात, ती म्हणायची. साक्षीदार टिकला पाहिजे.

म्हणून ती साक्षीदारांच्या मागे असायची. बाई तारखेला आली आणि साक्ष न होता परत गेली की हिचा संध्याकाळचा स्वयंपाक बिघडला म्हणून समजा. कारण परत गेलेल्या बाईला घरचे, भावकी, आरोपीचे पाहुणे सगळे मिळून समजावतात आणि पुढच्या वेळी ती 'मला काही आठवत नाही' म्हणते. तिला फितूर म्हणून मोकळं व्हायचं, हे बायकोला पटत नसे. ती म्हणायची, आपण तिला एकटीला परत पाठवली तेव्हाच ती फितूर झाली.

आता तो खटला. एक तरुण मुलगी सासरच्या विहिरीत सापडली होती. नवरा आणि सासू आरोपी होते, दोघेही जामिनावर. फिर्याद दिली होती मुलीच्या आईने. ही आई म्हणजे कांद्याच्या वावरात कामाला जाणारी, नवरा नसलेली, कमी बोलणारी बाई. तिच्यावर पाहुण्यांचा इतका दबाव होता की तिच्या सख्ख्या भावाने तिच्याकडे येणं सोडलं होतं. तरीही ती हटली नव्हती. ती फक्त माझ्या बायकोशी बोलायची. आमच्या घरी यायची, ओट्यावर बसायची आणि मुलीचं एकेक सांगायची. तिला काय आवडायचं, ती फोनवर काय म्हणाली, शेवटची दिवाळीला आली तेव्हा परत जाताना पिशवीत काय काय भरलं. बायको ऐकत राहायची. यातलं साक्षीत किती येईल असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, एखादं वाक्य. मग बाकीचं कशाला ऐकतेस? तर म्हणे, ते एक वाक्य कुठलं ते आधी कळत नाही.

आईची साक्ष अजून व्हायची होती आणि बायकोची मुदत संपत आली होती. नवा माणूस आला असता तर त्याच्या हाती कागदांचा गठ्ठा पडला असता. तो हुशारही असता कदाचित. पण ती बाई पुन्हा पहिल्यापासून अनोळखी माणसापुढे बोलली असती का? मला वाटत नाही. बायकोलाही वाटत नव्हतं. तिला फेरनियुक्ती हवी होती ती एवढ्यासाठी. मान, पाटी, गाडीवरचं स्टिकर यातलं तिला काही नको होतं. स्टिकर तर मीच लावलं होतं, ते तिने ओलं करून काढलं.

मुलाखत झाली. कामाबद्दल प्रश्न विचारले, ते ठीक होते. पण बाहेर बसलेल्या एका कारकुनाने तिला विचारलं, मॅडम, कोल्हारच्या म्हणजे कुणाच्या? तिने गिरणीवाल्यांची असं सांगितलं. तो म्हणाला, ते नाही हो, तुमचं कोण आहे? घरी येऊन तिने मला हे हसत सांगितलं. मला संताप आला. तिचं कोण आहे? तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या बायका आहेत, त्या शिफारस लिहू शकत नाहीत एवढंच.

इथे माझ्या मेहुण्याचा प्रवेश होतो. बायकोचा धाकटा भाऊ. साखर कारखान्यात ऊस वाहतुकीचं काम बघतो आणि उरलेला वेळ लोकांची कामं करून देण्यात घालवतो. मनाने सोन्यासारखा, पण त्याला रिकामं बसवत नाही. त्याने आमच्यासाठी साहेबांची भेट ठरवली. कुठे? दशक्रियेला.

आमच्या भागात दशक्रियेचं काय झालंय ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पूर्वी घरची माणसं नदीवर जायची, पिंड ठेवायची, कावळा शिवायची वाट बघायची, उरकलं. आता घाटावर मांडव पडतो, स्पीकर लागतो, महाराजांचं प्रवचन होतं, मग सोसायटीचे, कारखान्याचे, पक्षाचे असे एकेक जण माईक घेऊन श्रद्धांजली वाहतात. पुढारी लोक सकाळच्या वेळात तीन-चार घाट करतात. ते एका जागी, समोरासमोर आणि शांत बसलेले सापडतात ते दशक्रियेलाच, ऑफिसात कधीच नाही. त्यामुळे बदलीवाला, कर्जवाला, नोकरीवाला असे सगळे पांढरे कपडे घालून तिथे पोचतात. मयत कोण हे कुणी विचारत नाही. ते विचारणं उलट वाईट दिसतं. दशक्रियेला जायला काय ओळख लागते का?

मेहुण्यानेही विचारलं नव्हतं. दूध सोसायटीचे जुने चेअरमन गेलेत, मोठं घराणं आहे, साहेब नक्की येणार, एवढं त्याला पुरेसं होतं. बायको नको म्हणत होती. मी तिला म्हटलं, तुला तो खटला हवाय ना? मग एक सकाळ घालव. ती साडी बदलायला गेली. मी हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळा दोष मेहुण्यावर गेला आणि तो देण्यात मीही मागे राहिलो नाही.

आम्ही पोचलो तेव्हा प्रवचन चालू होतं. प्रवरेला पाणी सुटलेलं होतं आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. बायका एका बाजूला सतरंजीवर होत्या, पुरुष दुसऱ्या बाजूला. पुढे मान्यवरांच्या खुर्च्या. मेहुण्याने बहिणीला थेट खुर्चीवर नेऊन बसवलं, साहेबांपासून दोन माणसं सोडून. मी मागे उभा राहिलो. साहेब डोळे मिटून प्रवचन ऐकत होते, निदान डोळे तरी मिटले होते.

मग मी पाहिलं की बायकोचा चेहरा बदलला. तिची नजर बायकांच्या पहिल्या रांगेत होती. तिथे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती, मयताची मुलगी. मला ती कोण ते ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं. खटल्यातली सासू. मेलेले चेअरमन तिचे वडील होते. आडनाव वेगळं, गाव वेगळं, तालुका वेगळा, कुणाच्या लक्षात येणार? बायको उठायला लागली आणि नेमकं त्याच वेळी सूत्रसंचालकाने मोठ्या आवाजात सांगितलं की आपल्या दुःखात सहभागी होण्यासाठी सरकारी वकील मॅडम उपस्थित आहेत, त्या श्रद्धांजलीपर दोन शब्द बोलतील.

माईक तिच्यापुढे आला. तिने हात जोडले आणि मान हलवली. मी बोलणार नाही, असं ती त्या माणसाला म्हणाली, पण ते माईकवर आलं नाही. ती वळली आणि चालत मांडवाबाहेर आली. मी तिच्या मागे पळालो. आम्ही गाडीत बसलो. मग ती म्हणाली, 'तिला कळेल.' मला वाटलं, मुलीच्या आईला खरं काय ते कळेल असं ती म्हणतेय. तिला म्हणायचं होतं, आपण इथे येऊन बसलो होतो हे त्या आईला कळेल.

हल्ली दशक्रिया मोबाईलवर थेट दाखवतात. दुपारपर्यंत एक तुकडा गावोगावच्या ग्रुपवर फिरत होता. त्यात दिसतं असं की सूत्रसंचालक सरकारी वकील मॅडमचं स्वागत करतो, बायको उठून हात जोडते, मग कॅमेरा बायकांकडे वळतो आणि सासू पदर सावरत हात जोडते. एवढंच. बायको निघून गेली ते त्यात नाही. कुणी मुद्दाम कापलं की कापणाऱ्याला तेवढंच महत्त्वाचं वाटलं, देव जाणे. मी तो तुकडा इतक्या वेळा पाहिला की शेवटी मलाच वाटायला लागलं, ही त्या बाईला नमस्कार करतेय.

बायकोने लगेच मुलीच्या आईला फोन लावला. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. मग तिने तपासातल्या एका हवालदाराकडून निरोप पाठवला. निरोप पोचला, उत्तर आलं नाही. मी म्हटलं, आपण घरी जाऊ. ती म्हणाली, सरकारी वकील साक्षीदाराच्या दारात गेली की उद्या तेही कुणीतरी मोबाईलवर काढेल. तिचं बरोबर होतं. त्या दिवसांत तिचं सगळंच बरोबर होतं आणि काहीच उपयोगाचं नव्हतं. मी घरात भांडी आपटत होतो, कॉलेजात पोरांवर ओरडत होतो. मेहुण्याला मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, 'दाजी, दशक्रियेला कोन बगतं कुनाची हाय ते? आनि ताई उठून गेली म्हनून काय झालं, मी फाईल दिली साहेबांच्या पीएकडं.' बायकोच्या अर्जाची फाईल त्याने घाटावर आणली होती आणि आम्ही निघालो तरी ती त्याच्याच हातात होती, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग ते झालं. नेमणुकीचा हुकूम आला, तिच्या नावाचा. फाईलमुळे आला की मुलाखतीमुळे, मला आजही माहीत नाही. बायकोला वाटतं तिच्या कामामुळे आला, आणि मलाही तसंच वाटून घ्यायचं आहे. पण गावाला काय वाटलं ते सांगायला नको. दूधवाला म्हणाला, बघा, मी सांगत नव्हतो? प्राचार्यांनी शाल आणली. मेहुणा पेढे घेऊन आला आणि दारातच उभा राहिला, आत येऊ की नको अशा अवस्थेत. शेवटी मीच त्याच्या हातातला पुडा घेतला.

त्या रविवारी मुलीची आई आली. आधी कळवलं नाही, काही नाही. ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली. बायकोने तिला घाटावरचं सगळं सांगितलं, जसं झालं तसं. मयत कोण ते माहीत नव्हतं, माहीत झाल्यावर उठले, बोलले नाही. स्वतःची बाजू मांडायची सवय तिला नाही, दुसऱ्यांची मांडायची आहे, त्यामुळे ती फार नीट बोलली नाही. मी मध्ये पडून बोलायला लागलो तर तिने मला हाताने थांबवलं.

आई ऐकून घेऊन म्हणाली, 'खोटं बोलत न्हाई तुमी, ते मला कळतं. पन तुमी त्यांच्यात बसल्या हुत्या. त्या बाईच्या म्होरं. मी आता कोर्टात बोलाया उभी ऱ्हायले ना, तर मला तेच दिसल. मग मला बोलता यायचं न्हाई.'

मी वाट बघत होतो की बायको आता तिला समजावेल. रोज साक्षीदारांना समजावते, धीर देते, तीच तर तिची खासियत. तिने आत जाऊन कागद आणला, टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. मी खांद्यावरून वाचलं. जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज. फिर्यादीची मुलगी अमुक, खटला अमुक. सध्याच्या सरकारी वकील आरोपीच्या नातेवाइकांच्या दशक्रिया विधीस उपस्थित होत्या, त्यामुळे फिर्यादीचा त्यांच्यावर विश्वास उरलेला नाही, तरी खटला दुसऱ्या सरकारी वकिलांकडे द्यावा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या खटल्यासाठी अर्ज, मुलाखत, घाट हा सगळा ताप करून घेतला, तोच खटला ही स्वतःच्या अक्षरात देऊन टाकत होती. मी म्हटलं, निदान एवढं तरी लिही की कळल्याबरोबर तू उठून गेलीस. ती मान वर न करता म्हणाली, 'अर्ज तिचा आहे, माझा नाही.' मी वळून मेहुण्याने आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघवेना.

आईने अर्ज हातात घेतला. ती थोडी शिकलेली आहे, ओळीवर बोट ठेवून वाचते. मुलीच्या नावापाशी बोट थांबलं. मग पुढे सरकलं, शेवटपर्यंत गेलं. बायकोने पेन पुढे केलं आणि कुठे सही करायची ते दाखवलं. तिने सही केली, कागदाची घडी घातली, ब्लाउजमध्ये खोचली. जायला वळली आणि पायरीवर थांबली.

'मॅडम,' ती म्हणाली, 'माज्या लेकीचं तुमच्याएवढं कुनालाच ठाऊक न्हाई.'

बायकोने मान हलवली. आई फाटक उघडून गेली, आणि अर्ज तिने दुसऱ्या दिवशी कचेरीत दिला.